लेबलावर लेकीचं नाव

सकाळी पावणेसातला माझी लेक म्हणाली की पोट दुखतंय. तेव्हा मी एका हाताने तिचा डबा भरत होते, दुसऱ्या हाताने माझी सुयांची पेटी तपासत होते आणि फोन खांद्यात दाबून पहिल्या पेशंटला पत्ता विचारत होते. तिच्याकडे वळूनसुद्धा न बघता मी म्हटलं, नाटकं नकोत, बूट घाल.

आठ वर्षांची आहे ती. दिवसभर इकडून तिकडे तुरुतुरु पळत असते म्हणून मी तिला खारू म्हणते. त्या दिवशी पळत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात दोनदा, दोन्ही वेळा नेमकं गणिताच्या परीक्षेच्या दिवशी, तिचं पोट दुखलं होतं आणि दहाच्या सुमाराला ठणठणीत होऊन बाईसाहेब सोफ्यावर उड्या मारत होत्या. माझ्या दोन रजा पाण्यात गेल्या. म्हणून या खेपेला मला शंभर टक्के खात्री होती. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. शनिवारी येतो, रविवारी जातो आणि मधले दिवस फोनवर विचारतो, सगळं ठीक ना? ठीक नाही म्हटलं तर तिथे बसून तो काय करणार, कपाळ? म्हणून मी ठीक म्हणते.

शाळेच्या फाटकातून आत जाताना खारू रोज मागे वळून हात हलवते. त्या दिवशी दप्तर सावरत तशीच आत गेली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. मी स्कूटर काढली.

मी एका छोट्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. ज्यांना लॅबपर्यंत येववत नाही अशांच्या घरी सकाळी जायचं, रक्त घ्यायचं, ट्यूबच्या लेबलावर नाव, वय आणि वेळ तिथल्या तिथे, पेशंटसमोर लिहायची आणि दहापर्यंत सगळं लॅबमध्ये पोचवायचं. चौदा वर्षं झाली. लोक मला सुईताई म्हणतात. माझा हात हलका आहे असं म्हणतात, म्हणजे म्हणायचे. हल्ली मी इतकी दमलेली असते की जिना चढताना कुठल्या मजल्यावर जायचंय तेच विसरते.

त्या दिवशी अकरा घरं होती. नववं घर पुलापलीकडे, चौथ्या मजल्यावर. दीड वर्षाचं पोर, तीन आठवडे ताप येतोय-जातोय. त्याच्या आईच्या कानात ऑफिसची मीटिंग चालू होती आणि मांडीवर हा. एवढ्या लहान मुलाची शीर सापडणं म्हणजे कर्मकठीण. दोनदा सुई चुकली, तिसऱ्यांदा जमलं. तोवर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, त्याची आई डोळे पुसत मीटिंगमधल्यांना सॉरी म्हणत होती, आणि माझ्या डोक्यातून फाटकातून आत जाणारं ते दप्तर काही केल्या हलत नव्हतं. मी लेबल लिहिलं, चिकटवलं आणि पळाले.

खाली येऊन शाळेत फोन लावला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, काही असतं तर आम्हीच केला असता की फोन. बरोबरच होतं. तरी मी लॅबमधल्या मॅडमना विचारून ठेवलं. आमच्या लॅबच्या डॉक्टर त्या, तुसड्या वाटतात पण माणूस चांगलं. त्या म्हणाल्या, यादी जुळली की अकराला नीघ. अकराला निघायचं, तिला शाळेतून उचलायचं आणि घरी न्यायचं, एवढंच मला हवं होतं.

यादी जुळली नाही. दहा पेशंटांच्या ट्यूबा बरोबर लागल्या. उरली एक जांभळ्या झाकणाची छोटी ट्यूब, आणि यादीत उरला तो दीड वर्षाचा मुलगा. ट्यूबवर माझ्याच अक्षरात खारूचं नाव होतं. नुसतं खारू नाही, शाळेत लावतात तसं पूर्ण नाव आणि पुढे वय, आठ.

चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तुम्हाला खरं सांगते, पुढची दोन मिनिटं मी शहाण्यासारखी वागले नाही. मॅडम आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसल्या होत्या. मी नखाने लेबलाचा कोपरा उचलला. नवीन लेबल लावायला किती वेळ लागणार? दहा सेकंद. अकरा पेशंट, अकरा जणांचं रक्त, एकच शिल्लक, मग ते त्याचंच की. नियम काहीही असो, हे त्याचंच आहे, शंभर टक्के.

शंभर टक्के म्हटलं आणि माझा हात थांबला. सकाळी डबा भरतानासुद्धा माझी तेवढीच खात्री होती. मागे वळून बघितलंही नव्हतं, इतकी खात्री. मग मला स्वतःचाच असा राग आला की ते लेबल मी पुन्हा दाबून बसवलं आणि ट्यूब मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नाव वाचलं. खारूला त्या ओळखतात. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या की हे फेक, परत जाऊन नवीन घे, अकराचं विसर. मी होय म्हटलं. बाहेर आल्यावर जिन्यात दोन मिनिटं रडले, मग तोंड धुतलं. रडायलासुद्धा निवांत वेळ मिळत नाही, ही आमची तऱ्हा.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. चौथ्या मजल्यावर पोचायला बारा वाजत आले. दार उघडणाऱ्या त्या बाईने माझ्या हातातली पेटी बघितली आणि तिचा चेहराच उतरला. बाळ नुकतं झोपलं होतं. गोलमोल बोलण्याचं त्राण माझ्यात नव्हतं, मी सरळ सांगून टाकलं. तुमच्या मुलाच्या ट्यूबवर मी माझ्या मुलीचं नाव लिहिलं, ते रक्त वापरता येत नाही, पुन्हा घ्यावं लागेल.

ती भडकली. भडकणारच. तीन वेळा टोचलंत, आता चौथ्यांदा, तुम्हाला मुलं म्हणजे काय टाचण्यांची उशी वाटते का, तुमची तक्रार करते. मी ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की असं नाव लिहिलंच कसं जातं. मी म्हटलं, ती सकाळी पोट दुखतंय म्हणाली आणि मी तिला नाटकी म्हणून शाळेत सोडून आले, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मग तुम्ही इथे काय करताय?" ती म्हणाली.

तिने कानातला इअरफोन काढून ठेवला, आत जाऊन झोपलेल्या बाळाला अलगद उचलून आणलं आणि मांडीवर घेतलं. मी दंडाला पट्टा बांधला, सुई काढली, तर माझा हात थरथरायला लागला. एरवी मी तशीच रेटते, दिवसभर रेटतच असते. पण झोपलेल्या त्या पोराचा दंड बघून माझी हिंमत झाली नाही. पट्टा सोडला, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हटलं की मला थोडा वेळ लागेल. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, मध्ये ते बाळ. पाच एक मिनिटं गेली असतील. मग नवीन सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात शीर मिळाली. पोरगं जागं होऊन रडलं, पण थोडंसंच. त्याचं नाव मी मोठ्याने वाचत लिहिलं आणि तिला दाखवलं.

ट्यूब लॅबमध्ये देऊन शाळेत पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. वर्गांतून मुलं बाहेर पडत होती, त्यात खारू नव्हती. शाळेतल्या नर्सबाई फाटकाशी उभ्या होत्या. मला बघून पुढे आल्या. त्या म्हणाल्या, घाबरू नका, ताप नाही, सकाळी नऊला एकदा उलटी झाली, तेव्हापासून माझ्या खोलीत पडून आहे. मी जवळजवळ ओरडलेच, मग फोन का नाही केला? त्यांनी मान खाली घातली. दोनदा फोन हातात घेतला होता, दोन्ही वेळा तिने हात धरला, ऑफिसातही सांगू दिलं नाही. म्हणाली, आईला कामावर फोन करायचा नाही, फोन आला की तिचा हात हलतो आणि मग पेशंटला दोनदा टोचावं लागतं.

हे वाक्य माझंच होतं. केव्हातरी वैतागून तिच्या अंगावर ओरडले असेन, मला तो दिवसही आठवत नाही. तिने ते जपून ठेवलं होतं. साडेचार तास पोट धरून ती पडून राहिली, का, तर माझा हात हलू नये.

खोलीत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चाहूल लागताच उठून बसली. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "आज कुणाला दोनदा टोचलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी खोटं बोलायचं माझं धाडस संपलं होतं.

"एकाला," मी म्हटलं. "छोटं बाळ होतं."

तिचा चेहरा पडला.

"पण मी तर फोन केलाच नव्हता," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी त्या अरुंद पलंगावर बसले आणि तिला सांगितलं की ते तिच्यामुळे झालं नाही. मी सकाळी तुझ्याकडे बघितलं नाही, चूक माझी, तुझं त्यात काही नाही. ती ऐकत होती, पण तिला पटलेलं दिसेना. इतके दिवस जपलेलं वाक्य एका झटक्यात कसं सोडणार?

"पोट दुखलं की फोन करायचा," मी म्हटलं. "कधीही."

"आणि तुझा हात हलला तर?"

"हलला तर सुई खाली ठेवीन. थांबेपर्यंत बसेन."

"पेशंट चिडेल."

"चिडू दे."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मी थट्टा तर करत नाही ना, हे तपासत असल्यासारखं. मग हळूच माझा हात ओढून आपल्या बेंबीपाशी ठेवला.

"आई, खूप दुखतंय गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.