निरीक्षकाने हात वर करू नये

राज्यशास्त्राची पदवी मिळवायला काय काय लागतं, हे त्या इमारतीत एव्हाना पोराटोरांनाही पाठ झालं होतं. कारण दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई गेली कित्येक वर्षं तेच करत होती. तिला सूनबाई म्हणायचे ते खरं तर फक्त तिच्या नवऱ्याचे काका. पण काका इमारतीचे अध्यक्ष, आणि अध्यक्ष म्हणतील ते इमारत म्हणते, या नियमाने तिच्याहून लहान मुलीही तिला बिनदिक्कत सूनबाई म्हणत.

दिवसभर ती कपडेदुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची, आणि संध्याकाळी कॉलेजला जायची. राजकीय विचार झाला, तुलनात्मक शासन झालं, आंतरराष्ट्रीय संबंध झाले. संख्याशास्त्राच्या पेपरने दोनदा तोंडघशी पाडलं, तिसऱ्यांदा तोही सुटला. दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो म्हणून तिने भूगर्भशास्त्र घेतलं आणि वर्षभर घरात दगडांची नावं घेऊन नवऱ्याला पिडलं. आता राहिला होता फक्त प्रकल्प. आणि नेमकी इथेच गोची होती. नाव नोंदवल्यापासून ठरावीक वर्षांत सगळं पुरं झालं नाही तर आधी पास झालेले पेपरही धरत नाहीत, आणि तिची ती मुदत याच सत्राबरोबर संपत होती. प्रकल्प बुडाला की सगळंच पाण्यात.

प्रकल्प ऐकायला सोपा होता. कुठल्याही एका संस्थेच्या सभांना बसायचं, निर्णय कसे होतात ते पाहायचं, लिहायचं, आणि तोंडी परीक्षेत त्याची उत्तरं द्यायची. अट एकच. मार्गदर्शक बाईंनी ती पहिल्याच दिवशी टेबलावर बोट आपटून सांगितली होती.

"निरीक्षकाने बोलायचं नाही. हात वर करायचा नाही. मानसुद्धा डोलवायची नाही. भाग घेतलात की निरीक्षण संपलं. शेवटी तसं लिहून सही द्यावी लागते, लक्षात ठेवा."

सूनबाईने आपल्याच इमारतीच्या सभा निवडल्या. जिना उतरलं की संस्था हजर. आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर काकांच्या सभेत सगळेच तोंडात मिठाची गुळणी धरून बसत.

काकांची पद्धत ठरलेली होती. तळमजल्यावर, गाड्यांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. काका ठराव वाचणार, चष्मा काढणार, "कुणाची हरकत?" म्हणणार, आणि 'हरकत'मधला 'त' हवेत असतानाच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून "मंजूर" म्हणणार. पहिल्या रांगेतले किराणावाले "बरोबर आहे" म्हणणार. राहायचे ते इमारतीतच, पण त्यांचं दुकान समोरच्या कोपऱ्यावर होतं आणि अख्खी इमारत त्यांची गिऱ्हाईक, त्यामुळे त्यांना जगातलं सगळंच बरोबर वाटायचं. काका वाईट मुळीच नव्हते. पाण्याची टाकी, गळके नळ, जिन्यातले दिवे, सगळं ते स्वतः धावाधाव करून बघत. फक्त आपल्याला जे पटलं ते सगळ्यांना पटलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

दोन सभा सूनबाईने दगडासारख्या बसून काढल्या. तिसऱ्या सभेत माशी शिंकली.

लिफ्ट जुनी झाली होती. मोटर तापते, दुपारी तिला विश्रांती द्या, असं मेकॅनिक सांगून गेला होता. काकांनी ठराव वाचला: लिफ्ट रोज दुपारभर बंद ठेवावी. दुपारी सगळे कामावरच असतात, म्हणजे कुणाची अडचण नाही. त्यांनी चष्मा काढला.

"कुणाची हरकत?"

सूनबाईची नजर खुर्च्यांवरून फिरली. चौथ्या मजल्यावरचे टायपिस्ट आजोबा आले नव्हते. येणार कसे? लिफ्ट त्या दिवशीही बंदच होती, आणि त्यांच्या गुडघ्यांनी कधीच काखा वर केल्या होत्या. दिवसातून एकदा, दुपारी, ते लिफ्टने खाली येत, फाटकापाशी वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून ऊन खात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांवर टीका करत. त्यांचं बाहेरचं जग म्हणजे तेवढंच. ज्याची अडचण होणार तोच वर अडकलेला, आणि खाली बसलेले सगळे धडधाकट पायांचे लोक गप्प.

तिला वाटलं, कुणीतरी बोलेल. काकांचा हात चष्म्याकडे गेला.

"आहे हरकत," सूनबाई म्हणाली.

आपणच बोललो हे तिला ऐकू आल्यावर कळलं. पण एकदा तोंड उघडलंच होतं. "काका, आजोबांना विचारल्याशिवाय हे ठरवू नका. ते खाली येऊ शकत नाहीत म्हणून त्यांची हरकत नाही असं होत नाही."

मग जे झालं ते काकांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, माझी रात्रपाळी असते, दुपारीच मी सामान घेऊन चढते. कुणी म्हणालं, मोटरच बदलू या. सगळे एकदम बोलायला लागले. किराणावाले तिघांनाही "बरोबर आहे" म्हणाले. शेवटी ठराव बारगळला. काकांनी चष्मा खिशात ठेवला आणि ते जिन्याने वर गेले.

घरी आल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या डिग्रीचं काय?"

"बुडाली."

"बुडते कशाला? सही करून टाक. मी काही बोलले नाही, असं लिही. कोण येतंय विचारायला?"

तिने दोन दिवस खरंच तसा विचार केला. एवढ्या वर्षांची मेहनत, एवढ्या संध्याकाळी, ते दगड. एका सहीने सगळं वाचणार होतं. पण ज्या वाक्याबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला होता, तेच वाक्य आपण बोललोच नाही असं लिहायचं, हे तिच्याच्याने होईना. तिसऱ्या दिवशी ती मार्गदर्शक बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मूर्ख आहात तुम्ही."

"हो, मॅडम."

"बसा. हा प्रकल्प गेला. नियम म्हणजे नियम, मी वाकवणार नाही." बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण अभ्यासक्रमात दुसरा एक प्रकार आहे. सहभागी अभ्यास. जिथे अभ्यासक स्वतः त्या घटनेचा भाग असतो. फारसं कुणी घेत नाही, कारण त्याला संस्थेची परवानगी लागते. रीतसर सभेत, हात मोजून, बहुमताने. मिळते का बघा. महिन्याभरात."

सूनबाई बाहेर पडली तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. हात मोजून! काकांच्या सभेत! आणि परवानगीचा विषय सभेत घेणार कोण, तर तिच्यामुळे चारचौघांत तोंडावर पडलेले काका.

काकांनी दार उघडलं, पण "ये" म्हणाले नाहीत. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं.

"म्हणजे माझी फजिती तू आता कॉलेजात वाचून दाखवणार."

"नाव नसेल कुणाचं. आणि फजिती नाही काका, सभा कशी झाली ते."

"एकच आहे ते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "विषय सभेत घेईन. तो तुझा हक्क आहे, अडवणार नाही. पण माझा हात विरोधात जाईल. आधीच सांगतो. मला हे पटलेलं नाही."

"चालेल, काका."

चालणार काय होतं, कपाळ! काका विरोधात म्हणजे इमारत विरोधात, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

सभेच्या दिवशी लिफ्ट चालू होती. टायपिस्ट आजोबा सगळ्यात आधी येऊन पहिल्या रांगेत बसले आणि उरलेल्यांच्या उशिरा येण्यावर टीका करू लागले. काकांनी विषय वाचला. सगळ्यांना सांगितलं की आपण स्वतः विरोधात आहोत आणि का आहोत. घरची गोष्ट बाहेर जाऊ नये, बस. मग सूनबाईकडे वळून त्यांनी रुक्ष आवाजात विचारलं, "हात मोजायचे कसे असतात? सांग."

"एका घराचा एक हात. आणि ज्याच्या कामाचा विषय, त्या घराने मत द्यायचं नसतं."

नवऱ्याचा अर्धा वर गेलेला हात तिने खाली ओढला. लोक हसले. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यात पदवी घेतेय की काय.

"बाजूने?" काका म्हणाले. आजोबांचा हात सगळ्यात आधी, मग नर्सचा. एक एक करून सहा झाले.

"विरोधात?" काकांनी आपला हात वर केला. तोही धरून सहाच.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इमारतीत घरं बारा. सूनबाईचं वगळलं तर हात अकराच हवेत. त्यांनी पुन्हा मोजलं आणि मग त्यांची नजर किराणावाल्यांवर स्थिर झाली. "तुम्ही दोन्ही वेळा हात वर केलात?"

"मला दोन्ही बरोबर वाटलं," किराणावाले कसेबसे म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. बाकीचे पाच-पाच झाले होते. या एका माणसाचा हात जिकडे, तिकडे निकाल. आणि हा माणूस जन्मात काकांच्या विरुद्ध गेला नव्हता. सूनबाईने डोळे मिटून घेतले. संपलं, तिच्या मनात आलं. इतकी वर्षं, आणि शेवटी घोडं येऊन अडलं ते कुणाला न दुखावणाऱ्या एका माणसापाशी.

"एकदाच आणि एकाच बाजूने," काका म्हणाले. "परत विचारतो."

किराणावाल्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीसारखंच, हुकूम शोधत. नुसती भुवई हलली असती तरी पुरलं असतं. त्यांना स्वतःला ते कळत होतं, काकांना कळत होतं, आणि सूनबाईला तर फारच कळत होतं. तिने डोळे उघडले तेव्हा काका अख्खेच्या अख्खे वळून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"माझ्याकडे बघू नका," ते भिंतीला म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं ते करा. आजोबा, तुम्ही मोजा."

किराणावाल्यांना घाम फुटला. त्यांनी एकदा काकांच्या पाठीकडे पाहिलं, पण पाठ काहीच सांगेना. मग त्यांनी सूनबाईकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच हाताचं ओझं झाल्यासारखा तो हळूहळू वर नेला.

"बाजूने," आजोबा ओरडले. "सहा! विरोधात पाच!"

काका वळले. चेहरा लाल झाला होता. "ठराव मंजूर," ते म्हणाले, आणि हे शब्द त्यांना किती जड गेले ते सगळ्यांनी पाहिलं. "अध्यक्ष विरोधात होते. हे लिही. नीट लिही."

"लिहिते, काका." इतका वेळ आवरलेलं रडू तिथे, सगळ्यांदेखत, गाड्यांच्या मधोमध फुटलं. काकांकडे आजवर तिने आदराने पाहिलं होतं, धाकाने पाहिलं होतं. इतक्या मायेने पाहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी प्रकल्प सावकाश चाळला, दोन ठिकाणी नाक मुरडलं, संख्याशास्त्रातली एक चूक काढली. मग विचारलं, "अध्यक्ष हरले. ठीक. हरल्यानंतर त्यांनी काय केलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही."

सूनबाईने आठवून पाहिलं. "सगळ्यांबरोबर खुर्च्या आवरल्या, सर. मग आजोबांना लिफ्टपर्यंत सोडलं."

"हे लिहायचं राहून गेलं तुमचं," परीक्षक म्हणाले आणि स्वतःच्या पेनाने समासात ते वाक्य लिहून खाली सही केली. मार्गदर्शक बाईंनी तिच्याकडे पाहून अगदी किंचित मान डोलवली. सूनबाई पास झाली होती.

कॉरिडॉरमधूनच तिने फोन लावला. नवऱ्याला नाही, आधी काकांना.

"काका, झाले मी."

"मी विरोधात होतो," काका म्हणाले.

"माहितीये, काका."

"तरी झालीस." फोन बाजूला धरून ते कुणाला तरी जोरात सांगताना तिला ऐकू आलं, "आमची सूनबाई झाली! आणि मी विरोधात असताना झाली, बरं का!"