कानाजवळचा टॉर्च

"काका, हात मागे घ्या," मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळभर श्वास रोखून, बारीक चाळणीतून भुरभुरू दिलेली राखाडी धूळ काकांनी तळहाताने सपाट करून टाकली होती, चादर सारखी करावी तशी.

प्रयोगशाळेत काकांचं काम हेच. चंद्रावरच्या मातीसारखी धूळ बशीत पडेल तशी पडू द्यायची, तिला बोट लावायचं नाही. मग दिवा डोळ्याच्या शेजारी धरून बघायचं. असा समोरून उजेड पडला की कणाकणाची सावली त्याच्याच पाठीमागे दडते, खाचखळगे दिसेनासे होतात आणि धूळ झळकते; पौर्णिमेचा चंद्र उगाच एवढा भाव खात नाही. दाबलेली धूळ तशी उजळत नाही. हे काकांना तोंडपाठ. पण घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. चादरीला सुरकुती राहिली तर पाठीला जखम व्हायची, म्हणून रात्रंदिवस हात फिरवायची सवय जडलेली. झोपेला पारख्या झालेल्या हाताला काय कळणार, घर कुठलं नि काम कुठलं.

मॅडम रागावल्या नाहीत. घरी जा, झोप काढा, उद्या पुन्हा चाळू, एवढंच म्हणाल्या. त्यानेच काका जास्त ओशाळले.

घरी येऊन त्यांनी काकूंना कुशीवर वळवलं. जखम दिसली की लगेच दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिथे परत नेणार नाही, असं काकांनी काकूंना वचन दिलं होतं.

"काय म्हणतोय तुमचा चंद्र?" काकूंनी नेहमीसारखं विचारलं.

"झळकतोय," कानाजवळ टॉर्च धरून त्यांची पाठ बघत काका म्हणाले. रोज हेच म्हणायचे. आज मात्र म्हणता म्हणता त्यांचं हातातल्या टॉर्चकडे लक्ष गेलं. अरे देवा, आपण हिलाही समोरूनच बघतोय की.

त्यांनी टॉर्च अंथरुणाला टेकवून आडवा धरला. माकडहाडापाशी सावली पडली. रंग बाकीच्या पाठीसारखाच, पण खळगा होता, चांगला नाण्याएवढा.

"गप्प का झालात?"

काकांना फार वाईट वाटलं. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "खळगा पडलाय गं," ते म्हणाले.

काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "न्या मग. तुम्ही तरी झोपाल."

काकांनी टॉर्च पुन्हा कानाजवळ नेला. पाठ लख्ख दिसली. तशी ती त्यांनी जरा वेळ बघून घेतली आणि दवाखान्याची पिशवी काढायला उठले.