केरू कोणाचा

नगरपालिकेच्या दवाखान्यातून आमच्याकडे मूल पाठवायचं झालं की सोबत काळुराम शिपाई यायचा, आणि यायचा तो नेमका दुपारच्या जेवणाच्या वेळी. त्या दिवशीही मी पोरांची पानं वाढत होते. त्याने कापडात गुंडाळलेलं चार-पाच महिन्यांचं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "उकिरड्यावर सापडलंय, बाई. हगवण होती, आता थांबलीय. नर्स उत्तराबाईंनी सांगितलंय, जपा म्हणून."

आमचा बालकाश्रम टेंभी नाक्याच्या मागच्या आळीत होता. चालवत होते मी, पण चालत होता तो नगरपालिकेच्या अनुदानावर. हे मला दरवर्षी आरोग्य समितीपुढे उभं करून ऐकवलं जाई. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती, आणि अनाथांचा भार आता नगराने उचलायचा असं भाषणात म्हणायला सगळ्यांना आवडायचं. पोरांसाठी घोंगड्या मागितल्या की मात्र तीच मंडळी छताकडे बघत. माझी जीभ तिखट. मी तिथल्या तिथे बोलून मोकळी होई, त्यामुळे माझं नाव निघालं की समितीतले निम्मे लोक चहाला उठत.

पण ते बाळ टाकून दिलेल्यातलं दिसेना. अंगाने भरलेलं, डोळ्यांत काजळ, कमरेला करगोटा. टाकायच्या मुलाला काजळ कोण घालतं? शिवाय ते बाटलीला तोंड लावेना. रडून रडून घसा बसला तरी तोंड फिरवून घेई.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी दोघी जणी उभ्या होत्या. एक तिशीच्या आतली, एक पार म्हातारी. दोघींच्या तळपायांना मिठागरात राबणाऱ्यांच्या असतात तशा भेगा. तरुण बाई पदर छातीशी घट्ट धरून म्हणाली, "बाय, दवाखान्यातलं पोर तुमच्याकडं आनलंय ना? मी पाजू का त्याला?"

"तू कोण त्याची?"

"कोन नाय. माजी पोरं गेली. दूध हाय."

बाळ भुकेने अर्धमेलं झालं होतं. मी तिला आत घेतलं. तिने मांडीवर घेताच ते गप्प झालं आणि हाताने तिचा पदर धरून पिऊ लागलं. ओळखीची गोष्ट डोळ्यांना दिसतेच. मी सरळ विचारलं, "तुझंच ना गं हे?"

तिचा चेहरा एकदम उतरला. "नाय, नाय. उकिरड्यावरचा यो." आणि तिने मागे वळून पाहिलं, जणू कोणी ऐकत उभं आहे.

खरं काय ते म्हातारीने मला फाटकाबाहेर नेऊन सांगितलं. तिचं नाव आवडाबाई, बाळकुमची. तरुण बाई तिची शेजारीण सखुबाई. सखूचं पहिलं मूल सव्वा महिन्यात गेलं, दुसरं चालायला लागल्यावर, तिसरं पाचवीच्या आधीच. चौथा झाला तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवला, आणि आवडाबाईने तो "सापडला" म्हणून उचलून घरी आणला. नाव ठेवलं केरू. केरकचऱ्यातल्या पोरावर बाळं नेणाऱ्या सटवीची नजर जात नाही. तेव्हापासून पोर आवडाबाईचं. सखू फक्त पाजणार, न्हाऊमाखू घालणार. आपलं म्हणायचं नाही, कोणी विचारलं तरी नाही. सगळं गाव हे पाळत होतं. नवरा राघो मिठाच्या गलबतावर गेलेला, तोही जाताना आवडाबाईलाच सांगून गेला होता, तुमच्या पोराला जपा.

"दवाखान्यात त्या बायनी इचारलं, पोर कोनाचं? सखू म्हनली, माजा नाय, उकिरड्यावरचा. त्यांनी मानलं. तवा सखूला बरंच वाटलं बघा. म्हनली, शिकलेली मानसं पन मानतात, आता सटवी काय, तिचा बाप पन फसंल. रातभर ठेवतो म्हनले, तं आमी घरी आलो. दुसऱ्या दिशी सांजच्याला बघतो तं पोर नाय."

मी तडक दवाखाना गाठला. परिचारिका उत्तरा डोंबिवलीची, नुकतीच शिकून आलेली, कामाला प्रामाणिक. ऐकून ती खुर्चीत बसलीच. "मावशी, मी तीन वेळा विचारलं हो. तिन्ही वेळा नाही म्हणाली. आई आपल्या मुलाला नाही कशी म्हणेल, असंच वाटलं मला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काय बोलणार? मीही तेच केलं असतं.

आरोग्य समितीचे अध्यक्ष गोपीनाथराव वकील होते. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की कोर्टात उभा असल्यासारखा. माझं सगळं ऐकून हसले. "मग अडलंय कुठे? बाईने समितीपुढे येऊन सांगावं, मूल माझं आहे. दोन शब्दांचं काम."

"तेच तर ती बोलणार नाही."

"मग आम्ही कसं द्यायचं? उद्या कोणीही येईल, म्हणेल दूध येतंय, मूल द्या. नगरपालिकेच्या ताब्यातलं मूल आहे, बाई. आणि डोंबिवलीचं ते जोडपं बघून गेलंय त्याला."

हे खरं होतं. आनंद आणि चित्रा, दोघंही शिकलेली, नोकरदार, दहा वर्षांत मूल नाही. माझ्याच सांगण्यावरून वर्षभर दत्तकासाठी नाव घालून बसली होती. चित्राने एकदा घेतलेलं बाळ खाली ठेवलंच नव्हतं. तिचाही मला राग येईना, हाच तर वैताग होता. समितीने पुढचा सोमवार ठरवला. तोवर आई म्हणून कोणी पुढे आलं नाही, तर बाळ डोंबिवलीला.

तो आठवडा मी सखुबाईशी भांडले. ती रोज मिठागरावर जायच्या आधी यायची, पाजायची, आणि मी शेजारी बसून डोकं खायची. सटवीबिटवी काही नसतं म्हणाले. पोर जिवंत राहील पण दुसऱ्याच्या घरी, ते चालेल का तुला, म्हणून टोचलं. ती मान खाली घालून ऐकायची. एकदाच म्हणाली, "बाय, तिघांना पन मी माजा म्हनली व्हती. मोठ्यानी." त्या दिवसापासून मी तिला टोचणं सोडलं. मी देव मानत नाही, पण तिच्या जागी असते तर मीही तोंड मिटूनच बसले असते.

सोमवारी नगरपालिकेच्या सभागृहात समिती बसली. एका बाजूला आनंद-चित्रा, एका बाजूला आम्ही, आमच्या मागे उत्तरा. आवडाबाई आधी पुढे झाली आणि ठसक्यात म्हणाली, "पोर माजं हाय." सत्तरीची म्हातारी, तोंडात चार दात. सभासद खो-खो हसले. मला एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तिने आपल्या परीने खरंच सांगितलं होतं.

गोपीनाथरावांनी सखुबाईला विचारलं, "हे मूल तुझं आहे?"

"नाय."

"नीट विचार कर. तुझं नसेल तर आज ते या बाईंना दिलं जाईल. पुन्हा मागता येणार नाही."

तिने मान फिरवली. त्यांनी मला खूण केली. मी उठले, आणि बाळ चित्राच्या हातांत ठेवलं, कारण माझं काम तेच होतं. चित्राने त्याला छातीशी धरलं, हळूच म्हणाली, "चल हं, आपल्या घरी." ते रडायला लागलं.

"माजा हाय!"

आवाज इतका मोठा की बाहेरचा काळुराम आत डोकावला. सखुबाई उभी होती, चोळी पुढून भिजलेली. "माजा हाय त्यो. मी व्यालेय त्याला. माजाच हाय, माजाच हाय." आवडाबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि खाली बसली. चित्रा रडत होती, पण बाळ तिने स्वतःच आणून दिलं. मी त्या मुलीला जन्मभर मानीन.

गोपीनाथराव प्रसन्न झाले. "बघा, किती सोपं होतं! घेऊन जा बाई तुझा मुलगा."

सखुबाई हलली नाही. तिच्या तोंडावर आनंदाचा लवलेश नव्हता. पांढरीफटक पडली होती. तिने पोराला टेबलावर, अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमी बोलाया लावलंत. आता याला काय झालं तं तुमचं. तुमीच जगवा आता. ती शिकलेली बाय पाठवा घरी, दवा पाठवा. तुमची रीत मी केली ना?"

उत्तरा लगेच पुढे आली. "मी जाईन, साहेब. दर आठवड्याला जाऊन बघीन."

गोपीनाथरावांनी शेजारच्या सभासदाकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. "गाव कुठलं तुझं?"

"बालकुम."

"मग ते नाही जमायचं," ते म्हणाले, आणि खरोखर ओशाळून म्हणाले. "बाळकुम नगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. परिचारिकेला हद्दीबाहेर पाठवता येत नाही आम्हाला."

आठवडाभर ते पोर नगरपालिकेचं होतं. तिच्या दवाखान्यात औषध पीत होतं, तिच्या अनुदानावर माझ्याकडे निजत होतं. उकिरडा कुठल्या हद्दीतला हे कोणी विचारलं नव्हतं. आई मिळाल्याबरोबर ते हद्दीबाहेर गेलं. हे मी मोठ्याने बोलले की मनात, मला आठवत नाही. बोलले असेन, कारण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

सखुबाईने पोर उचललं, त्याचं तोंड पदराने झाकलं.

"मंग माज्या तोंडातून काडलंत कशाला?" तिने विचारलं, आणि कोणी काही सांगेल म्हणून तिथेच उभी राहिली.