थोरलीची आंघोळ

मी आईबाबांची एकुलती एक. ट्रक घेतला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि त्या दिवसापासून घरात मी धाकटी झाले. आई ट्रकला थोरली म्हणायला लागली. थोरलीचं पोट भरलं का, म्हणजे डिझेल टाकलं का. थोरली कुठवर पोचली, थोरलीला एवढ्या उन्हात कुणी उभं केलं. मी उन्हात उभी असले तर येताना दूध घेऊन ये म्हणायची.

थोरलीचं काम रोपं वाहायचं. सपाटीवरच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून कुंड्या भरायच्या आणि डोंगरावरच्या गावांत पोचवायच्या. बाबा चालवायचे. मी शेजारी बसून कागदपत्रं, फोन आणि भांडणं सांभाळायचे. बाबांना आवाज चढवता येत नाही, त्यामुळे त्यांच्या वाटणीचाही मीच चढवते. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे ट्रक चालवले. हा पहिला स्वतःचा, तोही कोरा, दोन वर्षांच्या वॉरंटीचा. वॉरंटीचं पुस्तक आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती दुसरी पिशवी कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

दीड वर्ष थोरली गुणी मुलीसारखी वागली. मग एके दिवशी मोठ्या चढावर, पांढऱ्या कठड्याच्या वळणाशी, तापमानाचा काटा वर सरकायला लागला. बाबांनी लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर वाट पाहिली. निवल्यावर झाकण उघडून बघतात तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालेलं. बाबा कंपनीच्याच हिरव्या कूलंटचा कॅन कायम जवळ ठेवतात. तो ओतला आणि आम्ही पुढे गेलो. पण आधीचं कूलंट गेलं कुठे, ते काही कळेना.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायचं ठरलं, आणि आईने बादली काढली.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. माणूस डॉक्टरकडे जाताना स्वच्छ आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातो, तशीच गाडी. थोरली परक्यांच्या दारात कळकट अंगाने जाणार नाही, हा आईचा हुकूम. बाबा केबिन पुढे कलती करून द्यायचे. मग आई साबणाचं पाणी, ब्रश, आणि सांध्याकोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश घेऊन इंजिनापासून चाकांच्या नटांपर्यंत सगळं घासून काढायची. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून खाली सरपटायचं कामही तिचंच. दोन तासांनी थोरली अशी लखलखायची की वर्कशॉपच्या गेटवरचा रखवालदार विचारायचा, नवीन घेतली का.

गाड्यांची तक्रार नोंदवून घेणारा आतला सल्लागार मात्र आमच्याकडे बघतही नसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात कायम टाय, म्हणून आम्ही त्याला टायवाले म्हणायचो. पोरगेल्या मेकॅनिकांनी गाडी बघितली, रिकामी गाडी समोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर फिरवली आणि परत आणली. टायवाल्यांनी तपासणीच्या कार्डावर लिहिलं: दोष आढळला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच वळण, पुन्हा काटा. पुन्हा बादली, पुन्हा लखलखाट, पुन्हा दोष आढळला नाही. तिसऱ्यांदा मी टायवाल्यांशी अर्धा तास भांडले. चौथ्यांदा मी भांडायला लागायच्या आधीच त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. पाचव्या वेळी ते वैतागले आणि कार्डावर एक नवी ओळ लिहिली: वाहन चालवण्याची पद्धत सदोष असावी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचणार आहे. बाबांनी मात्र कार्डाच्या आपल्या प्रतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी येताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून ट्रक मी चालवायला लागले. लायसन्स होतंच, शिकवलंही त्यांनीच. ते शेजारी बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. संध्याकाळी ती घडी उघडून ती ओळ वाचायचे, पुन्हा घडी घालायचे. एकदा मला म्हणाले की वय झालं की हाताचं वळण बिघडतं आणि आपलं आपल्याला कळत नाही. मग मला न सांगता त्यांनी रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना फोन करून टाकला, की महिनाअखेर मी थांबतो. हे मला बाईंकडून कळलं तेव्हा मला राग आणि रडू एकदमच आलं. एकतीस वर्षांत ज्या माणसाने साधा आरसाही कुठे घासला नाही, त्याला टाय घातलेल्या एका माणसाची एक ओळ घरी बसवत होती.

वॉरंटीचा शेवटचा दिवस शनिवारी आला. वर्कशॉप सहाला बंद होणार आणि त्यानंतर कंपनी आमच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हती. मला मनातून वाटत होतं की आज तरी ही बया चढावर थांबावी. पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि धुळीने थोरलीचा निळा रंग दिसेनासा झाला होता. मागे तीनशे कुंड्या होत्या, सगळ्या फुललेल्या. पांढरा कठडा अजून दिसायचाच होता, तेवढ्यात शेजारून बाबा हळूच म्हणाले, "थांब. कडेला घे."

मी काट्याकडे बघितलं, तो जागच्या जागी होता. तरी मी थांबले. गाडी कडेला लागता लागता काटा हलला. बाबांना इंजिनाच्या आवाजावरूनच कळलं होतं. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मात्र अपराधी भाव. जणू शेजारी बसूनही त्यांनीच काहीतरी बिघडवलं होतं.

इंजिन निवलं, कूलंट ओतलं, आणि मी गाडी वळवली. कुंड्यांसकट थेट वर्कशॉप. बाबा म्हणाले, आधी घरी जाऊ, धुऊन घेऊ. मी म्हटलं, दोन तास धुण्यात गेले तर वॉरंटीच धुऊन निघेल. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ऐकलं. पण मी उतारावर गिअर सांभाळत असताना त्यांनी तोंडावर हात धरून आईला फोन केला होता.

आम्ही गेटपाशी पोचलो तर आई बादली, ब्रश आणि दोन फडकी घेऊन उभी. रिक्षाने आली होती. थोरलीचा अवतार बघून तिने डोक्याला हात लावला आणि रखवालदाराकडे नळ कुठे आहे याची चौकशी सुरू केली. मी तिला अडवलं. ती म्हणाली, निदान तोंड तरी पुसू दे. आमची गेटातच जुंपली, आणि बाबा दोघींच्या मधे उभे राहून दोघींनाही बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत राहिले.

शनिवार म्हणून निम्मे मेकॅनिक घरी गेले होते. वर्कशॉपचे फोरमन स्वतः बाहेर बाकावर बसून चहा पीत होते. आतापर्यंत आम्ही त्यांना फक्त काचेपलीकडे बघितलं होतं. वयस्कर गृहस्थ, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. आधी ते फुलं बघायला उठले. मग धुळीने माखलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. आई बंपर पुसायला वाकली होती.

"ताई, ते फडकं जरा बाजूला ठेवा," ते म्हणाले.

त्यांनी केबिन कलती करायला लावली आणि कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर चढवला. आत सगळीकडे सारखी, पिठासारखी धूळ बसली होती. फक्त एका पाइपाच्या जोडापाशी ती ओली होऊन चिकटली होती आणि तिथून एक बोटभर रुंद ओघळ खाली गेला होता. हिरवट. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि विचारलं, हा डाग आधी कधी दिसला होता का.

मी नाही म्हणाले. बाबा नाही म्हणाले. टायवाले तोवर बाहेर आले होते. त्यांनी हातातली पाचही कार्डं चाळली आणि नाही म्हणाले.

"दिसला की," आई म्हणाली. "दर वेळी दिसला. मीच घासून काढला."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आई बिचारी खुलासा करायला लागली. मागे कुंड्या असतात, त्यांना पाणी घालतो, ते झिरपतं, खत असतं, शेवाळं असतं. तिला वाटलं रोपांचंच काहीतरी गळतंय. हिरवं दिसलं की ते रोपांचं, यात शंका घेण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. टूथब्रशने घासायला लागायचं, फार चिवट होतं, असंही तिने सांगितलं.

फोरमन आधी हसले. मग रखवालदार हसला, मग मी हसले ती थांबेचना. पाच वेळा रोगी न्हाऊन-माखून डॉक्टरपुढे गेला होता. आई रागावून आमच्याकडे बघत होती आणि तिच्याही ओठांचे कोपरे हलत होते.

फोरमननी गाडी तशीच भरलेली ठेवून इंजिन सुरू करायला लावलं. अर्धा तास ते तापू दिलं. त्यांनी सांगितलं की जोडाला बारीक चीर असणार. इंजिन तापून आत दाब आला की ती उघडते, निवलं की मिटते. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर वर्षभर फिरवली तरी ती सापडायची नाही. आम्ही सगळे वाकून त्या पाइपाकडे बघत राहिलो. बाबा गुडघे विसरून उकिडवे बसले होते. आणि मग जोडाखाली एक थेंब जमला, थरथरला आणि पडला. हिरवागार. आपल्या गाडीतलं काहीतरी गळतंय हे बघून एवढा आनंद झालेलं कुटुंब त्या वर्कशॉपने पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी आईला मिठी मारली, तिच्या हातातल्या ओल्या फडक्यासकट.

फोरमननी टायवाल्यांकडून कार्डं मागितली. शेवटच्या कार्डाची प्रत त्यांच्याकडेही होती, तरी बाबांनी खिशातली घडी काढून पुढे केली. फोरमननी ती ओळ वाचली. मग विचारलं की आजवर किती वेळा गाडी तापली. मी सांगितलं, सहा.

"आणि इंजिनाला काही नाही? दर वेळी थांबवली कुणी?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. आज तर काटा हलायच्या आधीच, हेही सांगितलं.

फोरमननी वरचा चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि बाबांकडे नीट बघितलं. "एवढी तापलेली गाडी लोक वरपर्यंत रेटतात," ते म्हणाले, "आणि मग जळकं इंजिन आमच्या दारात आणून टाकतात. तुमचं इंजिन तुमच्या कानांनी वाचलं, दादा."

बाबांनी मान खाली घातली. टायवाल्यांबद्दल आता खरं तेच सांगते. ते पुढे आले, फोरमनच्या हातातून ते कार्ड घेतलं, ती ओळ खोडली आणि सही केली. मग नव्या कार्डावर लिहिलं: पाइपाच्या जोडाला चीर, वॉरंटीत बदलायचा, चालकाने वेळीच थांबवल्याने इंजिन सुरक्षित. लिहून झाल्यावर ते मला म्हणाले की आज खुर्ची द्यायची राहिली. मी म्हटलं, राहू द्या, आज उभ्यानेच भागलं.

साडेपाचला पाइप बसला. आईने फोरमनना लाल फुलांची एक कुंडी दिली. बाईंना काय सांगायचं ते मी बघते म्हणाली. फोरमननी कुंडी बाकावर ठेवली आणि आईला एकच विनंती केली की पुढच्या वेळी थोरलीला पारोशीच आणा.

मी ड्रायव्हरच्या दारापाशी गेले तर बाबा तिथे आधीच उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यावरच न थांबता मी त्यांच्यासाठी दारही उघडलं, आणि नको तेवढे लाड म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं.

तिघंही केबिनमध्ये बसलो, आई मधे, बादली तिच्या पायांशी. कुंड्या आजच पोचवायच्या होत्या आणि उन्हाळ्यातला दिवस अजून बराच उरला होता. वाटेत बाबांनी बाईंना फोन लावायला सांगितला. महिनाअखेरचं ते विसरा म्हणाले. बाई पलीकडून म्हणाल्या, मी ते लिहूनच घेतलं नव्हतं.

चढ सुरू झाला तशी आम्ही तिघं काट्याकडे बघायला लागलो. तो हलला नाही. पांढरा कठडा आला आणि बाबांनी गाडी कडेला घेतली. मी विचारलं, काय ऐकू आलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, काही नाही.

ते उतरले. कठड्याला टेकून, हात बांधून, समोरच्या दरीकडे निवांत बघत उभे राहिले. आईने फडकं उचललं, मग थांबली, आधी वाकून पाइपाखाली नीट बघितलं आणि कोरडं आहे असं ओरडून सांगितलं. त्यानंतरच तिने थोरलीचं तोंड पुसायला घेतलं. मी जाऊन बाबांच्या शेजारी उभी राहिले. सहा वेळा आम्ही या चढावर थांबलो होतो. आज पहिल्यांदा आमच्या मर्जीने थांबलो.