भुकटी झालेला फोन

आमच्या भावजींच्या कारखान्याला चोख कामाचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हापासून घरात राहणं कठीण झालं होतं. जुने कॉम्प्युटर, टीव्ही, फोन मोडून त्यातला धातू, काच, प्लास्टिक वेगळं करायचं, हे त्या कारखान्याचं काम. भावजी, म्हणजे माझे दीर, तिथल्या कुलूपबंद खोलीत कामाला असतात. लोकांच्या फोनमधली माहिती पुसायची, नाहीतर फोनच यंत्रात घालून त्याची भुकटी करायची. प्रत्येक फोनला नंबर, दारावर कॅमेरा, बाहेर पडताना खिसे तपासणार, आणि शेवटी ज्याचा फोन त्याला दाखला: तुमचा फोन नष्ट झाला. रोज जेवताना आम्ही हे पुराण ऐकायचो. एकदा मी म्हटलंही, "भावजी, भाजी गार होतेय. तिलाही एखादा नंबर देऊन टाका." सासरे हसले, भावजी काही हसले नाहीत.

पुढे सासऱ्यांचा फोन बंद पडला, तेव्हा भावजींनी तस्साच दुसरा आणून दिला. "कारखान्यातून स्वस्तात मिळाला," म्हणाले. माझा नवरा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासरे खूश झाले आणि दिवसभर जुन्या मित्रांना फोन लावत बसायला लागले.

त्या दुपारी सासरे खुर्चीत पेंगत होते. अचानक फोन बोंबलायला लागला. नेहमीची रिंग नव्हे, कर्कश आणि एकसारखी. आवाज बंद करून ठेवलेला होता, तरीही. मी दिसेल ते बटण दाबलं, पण थांबेना. मग आपला आपणच गप्प झाला आणि काचेवर अक्षरं आली.

"सापडलीस. येतोय."

चुकून आलं असेल, कुणाची थट्टा असेल, असं मनाला समजावत मी भावजींना घरी बोलावून घेतलं. ते आले, अक्षरं वाचली आणि आधी दाराची कडी लावली.

"वहिनी, या फोनची भुकटी करायची होती."

"मग हा इथे काय करतोय?"

"बाबांचा बिघडलेला फोन मी खिशातून आत नेला. तो यंत्रात घातला आणि हा घेऊन आलो. जाताना खिशात एक फोन, येताना एक फोन. कुणाला शंका आली नाही."

"पुसला तरी का नाहीत?"

"पुसायला गेलं की मालकिणीचा पासवर्ड मागतो. मी तिचे फोटो तेवढे काढून टाकले."

"मालकीण कोण?"

"नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेल्या बायकांना ठेवतात ना, त्या संस्थेतून आमच्याकडे फोनची पेटी येते. नवऱ्याला माग लागू नये म्हणून त्या फोन बंद करून देऊन टाकतात. फोटोत तिचा डोळा सुजलेला होता वहिनी. मी बघितला होता. तरी आणला."

म्हणजे बंद होता तोवर फोन मुका होता. आपण चालू केला, आणि त्यानं आपल्या घराचा पत्ता तिच्या नवऱ्याला सांगून टाकला; तिचा पासवर्ड त्याला ठाऊक असणार. भावजींच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. पण आधी फोनचं बघायला हवं होतं. फोन बंद करून मी तांदळाच्या डब्यात खुपसला. डब्याचं झाकण लावते तोच दारावरची बेल वाजली.

दार उघडलं. चांगला इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. त्यानं बूट काढून एकाशेजारी एक सरळ लावून ठेवले होते. आत यायचंच आहे असं धरून चालला होता.

"माझी बायको इथे आहे," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "तिचा फोन इथे आहे. मी चिडलेलो नाही. बोलवा तिला."

"अहो, तो फोन आमच्या कार..." भावजींनी तोंड उघडलं.

मी त्यांच्या पायावर पाय दिला. कारखान्याचं नाव निघालं की हा कारखान्यात जाणार, पेटी कुठून आली विचारणार, आणि तिथून थेट तिच्या दारात. खरं बोलून सुटलो असतो आम्ही. ती सुटली नसती.

"आहे ती इथे," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "पण तिला तुम्हाला भेटायचं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावरून आत, पडद्याकडे. पडद्यामागे सासरे येऊन उभे होते, त्यांची नुसती सावली दिसत होती. तो किंचित हसला, बूट घातले, नाडी सावकाश बांधली. "मी थांबतो," म्हणाला.

आणि तो थांबला. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर. पोलीस आले की उठून जायचा, ते गेले की परत हजर. भावजींनी कारखान्याच्या साहेबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांना घरी बसवलं, कारखान्याचं प्रमाणपत्रही आता राहील असं दिसत नाही. साहेबांनी एकच चांगलं केलं, त्या बायकांच्या संस्थेला तातडीनं कळवलं. तिला दुसऱ्या गावी हलवणार आहेत, पण सोबत लहान मूल आहे, जागा मिळायला वेळ लागेल. हलवलं की साहेब फोन करणार.

तोवर त्याला इथे धरून ठेवायचं. मी माझ्या मापाचे नसलेले दोन कुर्ते विकत आणले. रोज एक भिजवून समोरच्या दोरीवर वाळत घालते. पडद्याआड दिवा लावून ठेवते. भीती तर इतकी वाटते की दूध आणायलाही आम्ही जोडीनं जातो. पण तो इथे बसलाय तोवर तिथे नाही, एवढं मनाशी धरून मी दिवस काढते.

आज सकाळी सासऱ्यांनी पडदा बाजूला केला. त्यांना आम्ही निम्मंच सांगितलंय.

"सूनबाई, तो माणूस दिसत नाही आज," ते म्हणाले. "गेला वाटतं. सुटलो बुवा एकदाचे."

पायरी रिकामी होती. मी भावजींकडे बघितलं. त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. साहेबांचा फोन आलेला नव्हता.

मी कुर्ता भिजवला, पिळला आणि दोरीवर घातला. मग दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभी राहिले, तो यावा म्हणून रस्त्याकडे बघत.