पाय उचलले ती दुपार

मित्रांनो, मी जव्हारच्या एका दवाखान्यातला जुना पलंग आहे. कारखान्यात मला घडवले तेव्हा दोन हँडले बसवली. एकाने पाठीचा भाग वरखाली होतो, दुसऱ्याने पायांचा. पाठीचे हँडल रोज फिरे. पायांचे मात्र कुणाला लागत नसे. हळूहळू ते गंजले आणि लोक त्याला पिशव्या अडकवू लागले. मला फार वाईट वाटे.

गेल्या भाद्रपदात दाभोसा गावची रामी माझ्यावर आली. चार दिवसांचा ताप, धाप आणि रक्तदाब अगदी खाली. दोन सलाईन संपल्या तरी तो चढेना.

"अजून एक बाटली लावा, मॅडम," तिचा नवरा नवशा म्हणाला. "पाणी गेला का माणूस उठतो."

"उठतोही, आणि छातीत पाणी भरून गुदमरतोही," डॉक्टर वनमाला म्हणाल्या. "हिला पाणी हवंय का, ते आधी बघू."

रामी माझ्या पाठीला टेकून बसली होती. तिची पाठ खाली घेऊन पाय उचलले, की पायांतले रक्त हृदयाकडे धावते. थेंबभरही न घालता सलाईन देऊन पाहण्यासारखेच ते. हृदयाने ते जोराने पुढे ढकलले, तर सलाईनचा उपयोग. नाहीतर थांबायचे.

पाठ खाली गेली. पायांचे हँडल मात्र हलेना. चंदना सिस्टर दोन्ही हातांनी ओढत होत्या. मला लाज वाटली. शेवटी नवशाने अडकवलेली पिशवी काढली, दांडा धरला आणि सगळे बळ लावले. करकरत मी रामीचे पाय उचलले.

डॉक्टरांनी तिच्या छातीवर हृदय दाखवणारे सोनोग्राफीचे मशीन धरले. मिनिटभर त्या पडद्यावर हृदयाचे ठोके पाहत राहिल्या.

"काही फरक नाही. पाय खाली घ्या. सलाईन बंद, रक्तदाब चढवायचं औषध पंपावर लावा."

नवशाचा चेहरा उतरला. "पाणी बंद केला, म्हंजे आशा नाही काय?"

"तसं नाही, दादा. पाण्यानं हिची धाप वाढली असती. आता औषधाला काम करू द्या."

तो माझ्या कडेला बसला, रामीचे पाय धरून. संध्याकाळपर्यंत रक्तदाब थोडा चढला. तिसऱ्या दिवशी धाप उतरली. सहाव्या दिवशी ती उठून बसली आणि नवशाला म्हणाली, "शेतात नागलीत गुरां शिरली असतील. तू इथं काय बसलास?" तो हसला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

मित्रांनो, रोज लागत नाही म्हणून कोणतीही वस्तू विसरू नका. अधूनमधून तिला हात लावून पाहा. ज्या दिवशी ती लागते, त्या दिवशी गंज काढायला वेळ नसतो.