मी तर चालूच होतो!

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. पण मला शर्टावर शोधू नका. मी राहतो जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्यावर.

मला एका प्रोग्रामर ताईने घडवले. जन्मलो तेव्हा मी नुसता करडा चौकोन होतो. ताईने एकेक गुणधर्म सांगावा आणि मी तसे व्हावे. 'रंग लाल' म्हटले, लाल झालो. 'रुंदी वाढव' म्हटले, ऐसपैस झालो. मग अंगावर 'तातडीचे' अशी अक्षरे उमटली आणि माझ्यात जीवच आला! ताई जशी सांगायची, तशी विचारायचीही. रुंदी किती, रंग कोणता? विचारले की मी खरे तेच सांगे. आम्हा बटणांना खोटे बोलता येत नाही.

मला दाबले, की वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियेच्या खोलीत घंटी वाजे आणि डॉक्टर धावत खाली येत. काउंटरवर काकू बसत. तारेत अडकलेली शेळी, गच्चीवरून पडलेले मांजर, सगळ्यांसाठी मी वाजलो. "माझं बटण गुणाचं आहे हो," असे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून जाई. रुंदी मात्र तेवढीच राही.

पुढे एका सकाळी ताईने पडद्याला नवे रूप दिले. गोल कोपऱ्यांची, फिकट निळी बटणे आली. मला कोपऱ्यातल्या एका चौकटीत सरकवले. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना.

त्याच दुपारी ताई काउंटरपाशी बसून शेवटचा हात फिरवत होती. इतक्यात एक मुलगी कुत्र्याला उराशी धरून धावत आली.

"काकू, गबरूनं मोजा गिळलाय! घशात अडकलाय!"

काकूंनी मला दाबले. घंटी नाही. पुन्हा दाबले. मी गप्पच.

"अगं, याला आत्ताच काय झालं?" काकू ओरडल्या आणि दुखरे गुडघे विसरून जिन्याकडे पळाल्या.

ताई घाबरून मला बजावू लागली, 'चालू हो! चालू हो!' अहो, मी तर चालूच होतो! पण विचारल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही. गबरूची जीभ निळी पडत चालली होती.

ताई थबकली. "थांब. आधी विचारते," ती स्वतःशीच म्हणाली.

'तू चालू आहेस?' 'हो.'

'आणि तुझी चौकट?' चौकट ओशाळून म्हणाली, 'मी बंद आहे.'

नवी रचना लावताना ताईनेच तिला बंद केले होते. चौकट बंद, की तिच्या पोटातली सारी बटणे मुकी! ताईने चौकट चालू केली आणि मला दाबले. घंटी अशी खणखणली, की अर्ध्या जिन्यातल्या काकू दचकून कठड्याला बिलगल्या. डॉक्टर त्यांच्या बाजूने सुसाट खाली आले. चिमट्याने मोजा निघाला आणि पाठोपाठ गबरूचे भुंकणे.

"हा तर बाबांचा!" मुलगी रडता रडता हसली.

"दुसरा कुठंय, ते आधी बघ बाई," काकू धापा टाकत म्हणाल्या.

मित्रांनो, कोणी गप्प दिसले, तर त्याच्यावर ओरडू नका. आधी त्याला विचारा. तो कुठे अडकला आहे, तेही पाहा.

ताईने मला पुन्हा पडद्याच्या मधोमध बसवले आणि हळूच म्हणाली, "आता बरं वाटतंय का रे?" बटणांना असा गुणधर्मच नसतो, म्हणून मला उत्तर देता आले नाही. तुम्हाला सांगतो, फार बरे वाटते.